डेप्युटी कलेक्टरची आई

आमच्या भिशीत अलीकडे एक नवीन खूळ शिरलंय. चहा-फराळ आटोपला की कुणीतरी मोबाइलवर एका समुपदेशक बाईंचा व्हिडिओ लावतं. त्या बाई गोड आवाजात सांगतात की आईवडिलांनी आपली अपुरी स्वप्नं मुलांच्या गळ्यात मारू नयेत. मग सगळ्याजणी माना डोलावतात आणि हळूच माझ्याकडे बघतात. इंदूरच्या सुदामानगरातल्या इतक्या वर्षांच्या शेजारणी, त्यांच्यापासून काय लपणार! माझ्या दोन मुली, त्यांच्याबद्दल मी काय काय ठरवलं होतं आणि पुढे काय झालं, हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. मी पोह्यांवर जिरावणाचा मसाला भुरभुरते आणि गप्प बसते.

पण गप्प बसणं हा काही माझा स्वभाव नाही, म्हणून इथे लिहिते. मला डेप्युटी कलेक्टरची आई व्हायचं होतं. त्यात काही वावगं होतं असं मला आजही वाटत नाही.

हे कुठून आलं ते सांगायचं तर माहेरापासून सुरुवात करावी लागेल. परदेशीपुऱ्यात आमच्या दोन खोल्या. अप्पा कापड मिलमध्ये, विणाई खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम. तेव्हाचं इंदूर मिलच्या भोंग्यांवर चालायचं. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी. कुठला भोंगा कुठल्या मिलचा हे आम्हा पोरांना झोपेतही कळायचं. एका शेडमध्ये शेकडो माग चालू असले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे खात्यातली माणसं हातवाऱ्यांनी बोलायची. अप्पा घरीही तसेच बोलत. अंगठा ओठांकडे नेला की पाणी. दोन बोटं एकमेकांवर घासून झटकली की धागा तुटला, म्हणजे काहीतरी बिनसलंय, आज वाटेला जाऊ नका. चाळिशीतच ते जवळजवळ बहिरे झाले. आई बिचारी बरीच वर्षं समजत होती की हा माणूस मुद्दाम आपल्याकडे दुर्लक्ष करतो.

मग मिलला आजारपण लागलं. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली हे सगळ्या इंदुराला माहीत आहे, कारण तिथल्या कामगारांच्या देण्याचं प्रकरण बत्तीस वर्षं गाजलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये २२४ कोटी रुपये वाटायला निघाले. आमच्या अप्पांची मिल दुसरी. तिच्याबद्दल पेपरात फारसं कुणी छापलं नाही. अप्पा सकाळी सवयीने डबा मागायचे, मग आठवायचं, मग ओट्यावर जाऊन बसायचे. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे रोषणाईचे चित्ररथ, निघतात ना, त्या मात्र शेवटपर्यंत बघायला गेले. रात्रभर जागून, लायटिंगकडे डोळे लावून. मिल बंद, पण झांकी चालू, हे फक्त आमच्या इंदुरातच होऊ शकतं.

मिल डळमळायला लागली तेव्हाच त्यांनी मला बजावलं होतं, "कापडाच्या धंद्यात आता आपल्या घरातलं कुणी जायचं नाही. तू सरकारचं घे. सरकारचा भोंगा बंद पडत नाही." मी हिंदी टायपिंगची परीक्षा दिली आणि कलेक्टर कचेरीत चिकटले. लोअर डिव्हिजन क्लार्क. पहिल्या पगारात अप्पांना कोल्हापुरी चपला घेतल्या, आईला पातळ, आणि उरलेल्या पैशांत सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत आम्ही सगळ्यांनी गराडू, म्हणजे तळलेला कंद, खाल्ले.

त्या कचेरीत एक दिवस एक नवीन डेप्युटी कलेक्टर बाई रुजू झाल्या. वय असेल सव्वीस-सत्तावीस. साधी सुती साडी, हातात एक घड्याळ, बाकी काही नाही. आमचे बडे बाबू, पन्नाशी उलटलेले, मिशा पिळून आम्हा पोरींना "ए छोरी, इधर आ" म्हणणारे, ते खुर्ची मागे सारून ताडकन उभे राहिले. बाईंनी फाइल उघडली, एक टिपणी वाचली आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "बाबूजी, यह नियम आपने ग़लत लिखा है।" बडे बाबूंच्या कपाळावर आलेला घाम मी तीन हातांवरून बघितला. फाइल परत आली तेव्हा मी ती सही कितीतरी वेळ बघत बसले होते. हिरवी शाई, तिरकस, खाली तारीख. बस्स, तेव्हाच ठरलं.

तुम्ही म्हणाल, मग स्वतःच का नाही दिली मध्य प्रदेश राज्यसेवेची परीक्षा? लग्न, सासूबाईंचा दमा, दोन बाळंतपणं, सकाळचा स्वयंपाक करून दहा वाजता कचेरी. यात अभ्यास कधी करायचा, हे त्या व्हिडिओतल्या बाईंनी सांगावं. रडगाणं म्हणून नाही सांगत, हिशेब म्हणून सांगते.

थोरली लहानपणापासून हुशार. चौथीत असताना तिने आमच्या किराणावाल्याच्या पाटीवरचं शुद्धलेखन सुधारलं होतं, त्याच्या तोंडावर. मी म्हटलं, हीच ती. पुढे होळकर कॉलेजातून बी. एस्सी. झाली, मग भंवरकुआंला कोचिंग. ज्यांनी भंवरकुआं पाहिलं नाही त्यांना काय सांगावं! झाबुआ, रीवा, बालाघाट, कुठकुठली पोरं तिथे दहा बाय दहाच्या खोल्यांत राहतात, पाठीला सॅक, हातात चालू घडामोडींचं मासिक, आणि डोळ्यांखाली काळं. आमचं निदान घर गावात होतं, डबा आईच्या हातचा होता. कोचिंगचे सर मला बघितलं की म्हणायचे, "माताजी, बच्ची में दम है।" प्रत्येक माताजीला ते तसंच म्हणत असणार, पण मला ते ऐकायला आवडायचं.

परीक्षेची रचना मला तिच्यापेक्षा चांगली पाठ होती. पूर्वपरीक्षेचे दोन पेपर, त्यातला दुसरा नुसता पात्रतेपुरता. मुख्य परीक्षेचे सहा. सहावा निबंध आणि प्रारूप लेखनाचा, आणि त्यात मी तिची मास्तरीण! परिपत्रक, अर्धशासकीय पत्र, अनुस्मारक, कार्यालयीन आदेश. जन्मभर मी दुसरं केलं काय? रात्री जेवणं झाली की आम्ही दोघी बसायचो. मी विषय द्यायची, ती मसुदा लिहायची, मी लाल पेनने काटायची. "उपरोक्त विषयांतर्गत" कुठे येतं आणि कुठे येत नाही यावरून आमची भांडणं व्हायची. त्या रात्री फार छान होत्या, हे मी कुणाचीही पर्वा न करता सांगते. ती म्हणते की तिला पण आवडायचं ते. फक्त तिला मसुदे आवडायचे, नोकरी नको होती. हे तिने तेव्हा सांगितलं नाही.

आणि मग २०१९ ची ती प्रसिद्ध परीक्षा. जाहिरात निघाली, पूर्वपरीक्षा जानेवारी २०२० मध्ये झाली, मग करोना. मुख्य परीक्षा २०२१ मध्ये. निकाल लागला, मग हायकोर्टात परीक्षेचा एक नियमच रद्द झाला, पूर्वपरीक्षेचा निकाल पुन्हा नव्याने, मुख्य परीक्षा पुन्हा कुणाची घ्यायची यावर पुन्हा कोर्ट. वर ओबीसी आरक्षण १४ टक्के की २७ टक्के या वादात निकालाचेच दोन तुकडे झाले, ८७ टक्के जागांचा जाहीर आणि १३ टक्के जागांचा राखून ठेवलेला. शेवटची निवड यादी लागली डिसेंबर २०२३ मध्ये. म्हणजे ज्या पोरीने पंचविशी ओलांडताना फॉर्म भरला ती तिशी ओलांडून बसली, आणि तिला धड "तू नापास" असंही कुणी सांगितलं नाही. दरम्यान दर वर्षी नवीन परीक्षा, नवीन फॉर्म. मी कचेरीत आयुष्य काढलंय, फाइल कशी अडते ते मला माहीत आहे. पण फाइल अडते तेव्हा आत बसलेलं माणूस वाळतं, हे मी काउंटरच्या या बाजूने पहिल्यांदा बघितलं.

तर त्या वाट बघण्याच्या काळात तिला घरात घुसमटायला लागलं. यांच्या चुलत बहिणीचं घर महेश्वरला आहे, नर्मदेपासून पाच मिनिटांवर. मीच म्हटलं, जा, आत्याकडे राहा, शांतपणे अभ्यास कर. हो, मीच! भिशीतल्या बायकांना यातला हा भाग फार आवडतो.

आत्याच्या घराला लागून एका अन्सारी कुटुंबाचं घर, पुढच्या खोलीत दोन माग. ही दुपारी पुस्तकं घेऊन ओटीवर बसायची आणि भिंतीपलीकडून खटक-खटक, खटक-खटक. आधी आवाजाची तक्रार केली फोनवर. मग तक्रार बंद झाली. मग फोनवर "आपा" नावाची बाई यायला लागली: आपा असं म्हणाली, आपाने आज बुगडी शिकवली. मी म्हटलं, बुगडी कानात घालतात ती? तर म्हणे नाही, महेश्वरी साडीचा उलट-सुलट दोन्हीकडून सारखा दिसणारा काठ. त्यातला ईंट, चटाई, लहर हा नक्षीचा सगळा पसारा तिने मला फोनवर ऐकवला. मी विचारलं, "आणि संविधानाच्या नोट्स?" पलीकडून फक्त माग ऐकू आला.

गौरी बसायच्या आदल्या दिवशी ती घरी आली. नेमकी त्याच दिवशी नवीन फॉर्मची शेवटची तारीख. मी पुरणाची डाळ शिजायला टाकून विचारलं.

"फॉर्म भरलास ना?"

"नाही."

"सर्व्हर डाउन आहे का?"

"सर्व्हर ठीक आहे, आई. मी भरणार नाहीये."

मग तिने सांगितलं. महेश्वरला राहणार. दोन माग भाड्याने घेणार, आपा आणि तिची नणंद विणणार, ही डिझाइन आणि विक्री बघणार, आणि स्वतःही विणायला शिकणार. मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, पण मुद्दा एकच होता: तुझ्या आजोबांचे कान त्या मागांनी खाल्ले. त्यांनी मला हाताला धरून त्यातून बाहेर काढलं. डेप्युटी कलेक्टरचं मूळ वेतन आज ५६,१०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता, बंगला, गाडी. आणि तू आपणहून परत त्याच खटखटाटात जाऊन बसणार?

ती म्हणाली, "अप्पाआजोबा मिलचा माग चालवायचे. तो माग मालकाचा होता."

"आणि हा?"

"हा भाड्याचा आहे," ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू आलं. मला नाही आलं. त्या वर्षीच्या पुरणपोळ्या सगळ्या फुटल्या.

महिन्याभरात मी महेश्वरला जाऊन थडकले. न सांगता. पिशवीत एक चिवड्याचा डबा आणि तीन महिन्यांची चालू घडामोडींची मासिकं. मानपूरचा घाट उतरताना काय बोलायचं ते घोकत होते, टिपणीसारखं, मुद्दा एक, मुद्दा दोन. पोचले तर ती मागावर नव्हतीच, मागाच्या मागे जमिनीवर बसली होती. मागावरचा जुना ताणा, म्हणजे उभे तार, संपला होता. नवीन ताणा लावायचा तर त्याचा एकेक तार जुन्याच्या शेवटाला जोडावा लागतो, म्हणजे फणीतून आणि तार वर-खाली उचलणाऱ्या दोऱ्यांच्या फासांतून पुन्हा ओवायला नको. महेश्वरीचा ताणा रेशमाचा असतो आणि बाणा सुताचा, आणि ते रेशीम इतकं बारीक की माझ्या चष्म्यातून मला तार दिसतच नव्हते, नुसती चमक दिसत होती. ती आणि आपा समोरासमोर. डाव्या हाताने जुनं टोक, उजव्या हाताने नवीन, चिमटीत राखेचा कण, एक पीळ, एक घासा, सोड. पीळ, घासा, सोड. हजारो तार. कुणी बोलत नव्हतं. मध्येच आपाने मान वर न करता दोन बोटं एकमेकांवर घासून झटकली, आणि माझ्या लेकीने लगेच मागे सरकून एक सुटलेला तार शोधला.

मी ती खूण पस्तीसेक वर्षांनी बघत होते. घोकलेले मुद्दे काही आठवले नाहीत. चिवड्याचा डबा तेवढा पुढे केला. मासिकं मात्र तिथेच ठेवून आले, आत्याच्या कपाटात. वाया कशाला घालवायची?

संध्याकाळी घाटावर मात्र जुंपली. आमच्या घरात अहिल्याबाईंची तसबीर आहे, हातात शिवलिंग घेतलेली. दोघी मुलींना मी तिच्यासमोर उभं करून सांगत आलेय की अशी बाई हो. ही किल्ल्याकडे हात करून म्हणाली, "तूच सांगायचीस ना अहिल्याबाईंसारखी हो? मग त्यांनीच इथे विणकर आणून वसवले. मी त्यांचंच काम करते आहे."

मी म्हटलं, "वसवले! स्वतः मागावर नाही बसल्या त्या. १७६७ पासून १७९५ पर्यंत इथून राज्य केलं. दरबार भरवला, निवाडे दिले. हुकूमाखाली 'श्री शंकर' लिहायच्या. सही करणारी बाई होती ती!"

"तुला सहीच हवी आहे ना? मी साडीवर करते."

हे असं बोलतात आजकालची मुलं. उत्तराला उत्तर. पण तिने खरंच काठाच्या आत एक बारीक खूण विणायला सुरुवात केली आहे, प्रत्येक साडीला. ती मला आवडते की नाही हे मी अजून तिला सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मला त्या किल्ल्यात कळली. १९७९ मध्ये होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेवा सोसायटी सुरू केली तेव्हा महेश्वरचा हातमाग मरणपंथाला लागलेला होता. बायकांना विणायला शिकवलं, तिथून तो परत उभा राहिला. म्हणजे आमच्या इंदुरातल्या मिल एकेक करून आजारी पडत होत्या त्याच वेळी नव्वदेक किलोमीटरवर हातमाग उठून बसत होता. अप्पांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी हात उडवले असते. मिलच्या माणसाला हातमाग म्हणजे आजीबाईंचं काम.

आता धाकटी. तिच्याबद्दल लिहिताना हात जरा जड होतो, कारण थोरलीने निदान काहीतरी करायला माझं स्वप्न मोडलं. धाकटीने काही न करायला मोडलं. असं मी म्हणते, ती वेगळं म्हणते.

ती कॉम्प्युटर इंजिनिअर. कॅम्पसमधून नोकरी, पुण्याला बदली, तिथेच लग्न. पगार असा की माझ्या निवृत्तीच्या वेळच्या पगाराला लाज वाटावी. थोरली अडकली तेव्हा मी धाकटीच्या नावाने छाती पुढे काढून फिरत होते. मुलगा झाला, बाळंतपणाची रजा संपत आली, आणि तिचा फोन, "आई, मी राजीनामा देतेय."

"पाळणाघर नाही मिळालं? मी येते."

"मिळालंय. राजीनामा त्यासाठी देत नाहीये. मला घरी राहायचं आहे. मला आवडतं."

आवडतं! मी दोन मुली सासूबाईंच्या भरवशावर टाकून नोकरी केली. बसमधून उतरून धावत घरी यायचे तेव्हा कुकर लावायच्या आधी चपला काढायचंसुद्धा भान नसायचं. ते सगळं कशासाठी, तर माझ्या मुलींना कुणापुढे हात पसरायला लागू नये. आणि ही म्हणते आवडतं. मी बोलू नये ते बोलले, तीही बोलली. म्हणाली, "मी शाळेतून यायचे तेव्हा आजी झोपलेली असायची. मी खिडकीत बसून तुझी वाट बघायचे. माझ्या मुलाने बघू नये असं मला वाटतं."

हे वाक्य तिने इतक्या वर्षांत कधी काढलं नव्हतं. मला लागलं, का नाही लागणार? पण मी तिला जे उत्तर दिलं ते मी आजही देईन. म्हटलं, त्या खिडकीची ग्रिल माझ्या पगारातून बसली होती, आणि तुझ्या कॉलेजची फीसुद्धा. दोन्ही खरं आहे. तुझं वाट बघणं खरं, माझा पगारही खरा. दोघींपैकी कुणी कुणाची माफी मागायची गरज नाही.

पंधरा दिवस आम्ही फक्त नातवाच्या फोटोंवर अंगठे पाठवत होतो. मग मी माझ्या पद्धतीने मार्ग काढला. पुण्याला गेले आणि जावयांना समोर बसवलं. जावई मुलगा चांगला आहे, सोफ्यावर मांडी घालून वहीच काढून बसला. मी विचारलं, घर कुणाच्या नावावर? दोघांच्या, बरं. विमा? बरं. हिच्या स्वतःच्या खात्यात दर महिन्याला काय येणार? तिथे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. कुणी विचारच केला नव्हता! इतके शिकलेले दोघं, पण "लागेल तेव्हा घेईन" यावर संसार चाललेला. मी म्हटलं, लागेल तेव्हा घेईन म्हणजे मागेन. तर आता ठरलंय: एक ठरावीक रक्कम पहिल्या तारखेला तिच्या खात्यात, आणि तिच्या नावाच्या पीपीएफमध्ये दर वर्षी पूर्ण दीड लाख, एप्रिलच्या पाच तारखेच्या आत, म्हणजे वर्षभराचं व्याज मिळतं. धाकटीला आधी हे फार अपमानास्पद वाटलं. "आई, मी काय कामाला आहे का याच्याकडे?" म्हणाली. मी म्हटलं, हो, आहेस, विचार त्याला. जावई म्हणाला, "आई बरोबर म्हणतायत." जावई मला पहिल्यापासूनच आवडतो.

अजूनही तिला फोन केला की जीभ वळवळते. परवाच विचारलं, त्या तुझ्या कंपनीत म्हणे परत येणाऱ्या बायकांसाठी काही योजना असते? पलीकडून एक लांब श्वास. मग म्हणाली, "आई, आज त्याने पहिल्यांदा स्वतःच्या हाताने वरणभात खाल्ला. तुला बघायचंय का?" बघितला. सगळ्या भिंतीला वरण.

या सगळ्यात एक गोष्ट मला खरंच खटकते. अप्पांनी मला कापडातून बाहेर काढलं तर लोक म्हणाले, काय दूरदृष्टीचा माणूस! मी मुलीला कापडापासून लांब ठेवायला गेले तर म्हणतात, लादते. पोरांचं असतं ते स्वप्न आणि आईचं असतं ते टेन्शन. बापाने ठरवलं तर धोरण. २०२५ च्या मे महिन्यात अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीच्या निमित्ताने इंदूरच्या राजवाड्यात राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक झाली. विमानतळाला, विद्यापीठाला आधीच त्यांचं नाव आहे. सगळे म्हणाले, अशी कर्तबगार बाई घरोघरी व्हावी. घरोघरी व्हावी म्हणजे कुणीतरी घरी तसं ठरवायला नको का?

असो. थोरलीकडे येते, कारण तिथे सध्या धुमश्चक्री चालू आहे.

धंदा चांगला चाललाय. दोनाचे चार माग झाले, आता स्वतःचे. पॉवरलूमच्या नकली महेश्वरी बाजारात निम्म्या किमतीत मिळतात, तरी हिच्या साड्यांना पुण्या-मुंबईहून मागणी आहे. आणि कागदपत्रं कोण बघतं? जिने आयुष्यभर कागदच बघितले ती. उद्यम नोंदणी मी केली, हँडलूम मार्कचा अर्ज मी केला, पाच टक्क्यांचं जीएसटी मी भरते. एका कार्यालयात तिचा अर्ज साहेबांच्या टेबलाखाली पडून होता. मी एक पत्र लिहिलं, विषय, संदर्भ, "उपरोक्त विषयांतर्गत", प्रतिलिपी चार ठिकाणी. आठ दिवसांत फोन आला. पत्र वाचून तिथले बाबू तिला म्हणाले म्हणे, "मैडम, आपके यहाँ कोई रिटायर्ड अधिकारी हैं क्या?" तिने "हो" सांगितलं. अधिकारी! मी ते यांना संध्याकाळी तीनदा ऐकवलं.

तर गेल्या महिन्यात मी बँकेसाठी एक प्रकल्प अहवाल तयार केला. रीतसर. वीस माग, एक शेड, रंगाईचं वेगळं युनिट, तीन वर्षांत इंदुरात दुकान. तिला न विचारता केला, हे खरं, पण विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती. तिने वाचला आणि डोक्याला हात लावला. "आई, मला कारखाना नको आहे. चार माग आहेत तर मला प्रत्येक साडी कुणी विणली ते माहीत असतं. वीस झाले की मी नुसती हिशेब तपासत बसेन. मग डेप्युटी कलेक्टर काय वाईट होती?"

"मी तरी दुसरं काय सांगत होते?" मी म्हटलं.

राज्यसेवेला बायकांना पंचेचाळीसपर्यंत बसता येतं. ती तेहतीसची आहे. मी हे फक्त एकदा बोलले, यांच्या कानात, तेही ती खोलीत नसताना.

आता अहवालात "वीस" खोडून तिने "सहा" केलंय. मी "सहा"च्या वर "बारा" लिहून परत पाठवलाय. हे म्हणतात, नऊ करा आणि जेवायला वाढा.